मंग, तुले काय वाटलं?

गेल्या आठवड्यात, 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून या नावानं साजरा होतो. आपल्याकडं हे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. कपाशीची वेचणीही तोंडावर आलेली. बरीच पोरं आईबापासोबत वावरात. तरी शाळाशाळांत सतरंज्या अंथरल्या गेल्या, फळ्यावर रंगीत खडूनं पुस्तकाचं चित्र निघालं आणि मुलांनी ‘माझे आवडते पुस्तक’ या विषयावर भाषणं केली.

त्यातलं एक भाषण मी लिहून दिलं होतं.

माझी भाची सहावीत आहे. घाटावरच्या एका खेड्यात राहते. आदल्या रात्री तिचा फोन आला, “मामा, उद्या पुस्तकावर बोलाचं हाय. लिहून दे न.” उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच तिला ‘तोत्तोचान’ दिलं होतं. म्हटलं, सोपं आहे. पंधरा मिनिटांत एक पान लिहिलं, फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर टाकला. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की’पर्यंत सगळं जिथल्या तिथं. भाचीनं रात्रीतून पाठ केलं. दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. घरात सगळे खूश, मामा जरा जास्तच.

रविवारी मी तिच्याकडं गेलो. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. लाइट गेलेली. काहीतरी बोलायचं म्हणून सहज विचारलं, “मंग, तुले काय वाटलं त्या पुस्तकात?”

ज्यांनी ‘तोत्तोचान’ वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेलं हे पुस्तक 1981 मध्ये आलं. नॅशनल बुक ट्रस्टनं ते मराठीत आणलं, अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक चळवळी मुलगी ‘तोमोई’ नावाच्या नव्या शाळेत येते. या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिला म्हणतात, बोल, तुला काय सांगायचंय ते सांग. आणि ती बोलत राहते, ते ऐकत राहतात. चार तास.

भाची म्हणाली, “मामा, ते हेडमास्तर खरंच चार घंटे आयकत बसले काय?”

“तसंच लिहिलंय.”

“मंग तवा बाकीचे पोरं काय करत असन?”

मी गप्प. हे पुस्तक मी तीनदा वाचलंय, पण बाकीच्या पोरांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. थोड्या वेळानं तिचा पुढचा प्रश्न, “आपल्याकडं तं रेल्वेच नाही. आपल्याले जुनी एसटी चालन काय शायेसाठी?” आणि मग, हळू आवाजात, “शेवटी बॉम्ब पडून शाया जयते, ते मले नाही आवडलं. ते पान मी परत नाही वाचलं.”

हे सगळं तिनं स्टेजवर का सांगितलं नाही? कारण मी लिहून दिलेल्या पानावर ते नव्हतं. माझ्या पानावर ‘निरीक्षणशक्ती’ होती, ‘कल्पनाशक्तीला वाव’ होता, ‘आदर्श शिक्षणपद्धती’ होती. तिची एसटी नव्हती. रेल्वे नसलेल्या गावात बसून जपानची शाळा आपल्या गावात कशी उभी करता येईल, याचा हिशोब त्या पोरीनं मनातल्या मनात केला होता. वाचन म्हणतात ते यालाच ना? पण सगळ्या गावासमोर तिच्या तोंडातून बोललो मीच.

मित्रांनो, हा कबुलीजबाब एकट्या माझा नाही. जिल्ह्यात त्या दिवशी जी भाषणं झाली, त्यातली बरीच कोणी लिहून दिली असतील? सरांनी काही, आईबापानं काही. उरलेली आपण, कॉलेजात जाणाऱ्या दादांनी आणि ताईंनी. कोणी गुगलवरून उतरवून दिलं, कोणी हल्ली चॅटजीपीटीला सांगून दिलं. लहान बहीण मागायला आली आणि आपण दोन मिनिटांत काम उरकलं. तिला विचारत बसलो असतो तर अर्धा तास गेला असता, म्हणून तो प्रश्नच आपण टाळला. मुळात या उपक्रमात तेवढा एकच प्रश्न महत्त्वाचा होता.

उपक्रमांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. वाचन प्रेरणा दिनामुळं शाळेच्या कपाटाचं कुलूप निघतं, पुस्तकं बाहेर येतात, हे काही कमी नाही. गेल्या काही वर्षांत शासनानं महावाचन उत्सव सुरू केला. मुलांनी पुस्तक वाचायचं, त्यावर थोडक्यात लिहायचं, मिनिटभराचा व्हिडिओ करायचा आणि पोर्टलवर टाकायचं. हेतू चांगलाच आहे. पण मिनिटभरात मूल काय बोलेल? जे सगळ्यांना आवडेल तेच. लेखकाचं नाव, सारांश, बोध, धन्यवाद. ‘मले नाही आवडलं’ असं म्हणायला मुलाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्याआधी समोरचा माणूस रागावणार नाही याची खात्री त्याला करून घ्यायची असते.

दुसऱ्या टोकाला ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी आहे. 2005 पासून ती गावोगावी जाऊन मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचता येते का ते पाहते. अतिशय गरजेचं काम. ज्याला वाचताच येत नाही त्याला आवडतं पुस्तक कोणतं हे विचारणं म्हणजे थट्टाच. पण ज्याला वाचता आलं, त्याला पुढं काय? वाचता येतं एवढं कळल्यावर आपण निवांत होतो. वाचून त्याच्या डोक्यात काय झालं, हे विचारायला कोणी थांबत नाही.

याचा परिणाम आपल्यालाच पुढं भोगावा लागतो. एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी करणारे मित्र आठवा. छंदाच्या रकान्यात ‘वाचन’. आवडतं पुस्तक ‘अग्निपंख’ किंवा ‘श्यामची आई’. इथपर्यंत ठीक. मग समोरून दुसरा प्रश्न येतो, “त्यातलं काय पटलं नाही तुम्हाला?” आणि आपली गाडी घाटात बंद पडते. पुस्तक न पटण्याची मुभा असते हेच आपल्याला कोणी कधी सांगितलेलं नसतं. सहावीत दुसऱ्याचं भाषण पाठ केलं, दहावीत गाइडमधलं रसग्रहण पाठ केलं, बी. ए.ला नोट्स पाठ केल्या. स्वतःचं मत मांडायची सवय लागणार कधी?

‘श्यामची आई’चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बघा. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 मध्ये ते छापून आलं. त्याची प्रकरणं म्हणजे ‘रात्री’ आहेत, एकूण बेचाळीस. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो, मित्र ऐकतात, मध्येच बोलतात, विचारतात. म्हणजे ज्या पुस्तकावर आपण सर्वांत जास्त पाठ केलेली भाषणं ठोकली, ते पुस्तकच मुळात रात्री गोल करून बसलेल्या पोरांच्या गप्पांतून उभं राहिलेलं आहे.

मग मुलांना विचारायचं कसं? एडन चेंबर्स नावाचे इंग्रज शिक्षक आणि लेखक होते. मुलांशी पुस्तकांवर कसं बोलावं यावर त्यांनी 1993 मध्ये ‘टेल मी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, ‘मला सांग’. त्यांचे मूळ प्रश्न चारच. काय आवडलं? काय आवडलं नाही? काय कळलं नाही, कुठं कोड्यात पडलास? आणि कशाचं कशाशी काही नातं दिसलं का? एवढ्यावर लहान पोरंही तासभर बोलतात, असा त्यांचा अनुभव.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. मुलाला ‘का?’ असं थेट विचारायचं नाही. मूल म्हणालं, मला हा माणूस आवडला नाही, की लगेच ‘का?’ म्हणून अंगावर जायचं नाही. ‘का’ म्हटलं की मुलाला परीक्षा वाटते. त्याऐवजी म्हणायचं, ‘सांग ना अजून.’ आपल्याकडं तर हा नियम दुप्पट लागू आहे. आपलं ‘काऊन?’ हे प्रश्न कमी आणि दटावणी जास्त असते. ‘काऊन रे, काऊन नाही आवडलं?’ असं म्हटल्यावर कोणतं पोरगं तोंड उघडेल? ‘सांग बरं’ म्हणून पाहा. फरक लगेच कळतो.

दुसरी अडचण भाषेची. माझी भाची ओट्यावर बोलली ते वऱ्हाडीत. स्टेजवर बोलली असती तर पहिल्याच वाक्याला कोणीतरी टोकलं असतं, “मले नाही, मला म्हण.” आणि एसटीची शाळा तिथंच थांबली असती. ज्या पोराला दर वाक्याला भाषा सुधारून मिळते, ते पोरगं पुढच्या वेळी विचारच सुधारून आणतं, म्हणजे दुसऱ्याचा आणतं. काही जण म्हणतील, प्रमाण मराठी यायला नको का? नोकरी, परीक्षा, मुलाखत, सगळं त्याच भाषेत आहे. बरोबर आहे, यायलाच हवी. पण आधी पोराला पूर्ण बोलू द्या. मग तोच विचार लिहिताना ‘मला’ कसं लिहायचं ते शिकवा. क्रम उलटा झाला की हाती फक्त शुद्धलेखन उरतं.

आणि ही बोली पुस्तकात बसत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचायला द्या. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा माणूस. शेतकरी घर, शिकून बेकार बसलेला एकनाथ, त्याच्या घरातली कुरबूर, आणि बोलणं आपल्या गावातलं. या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी 1986 मध्ये मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांना ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहासाठी तो मिळाला होता. म्हणजे घाटावरच्या दोन शेजारी तालुक्यांतून दोन अकादमी पुरस्कार. आपल्यातल्या किती जणांना ही दोन नावं सांगता येतील, ते आपलं आपण तपासावं.

पण मला आज सर्वांत जास्त आठवण येते ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्यांचं पुस्तक 1882 मध्ये प्रसिद्ध झालं, एवढं आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. वर्ष पाठ, पुस्तक वाचलेलं नाही. ताराबाई शाळेत शिकल्या नव्हत्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत नोकरीला होते, त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. घरात आलेली पुस्तकं मुलगी वाचत गेली. आणि नुसती वाचली नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ नाटक यांत बायका कशा रंगवल्यात, यावर आपल्या पुस्तकात त्यांनी खरमरीत लिहिलं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असा त्यांचा रोख होता. आज आपण ज्याला पुस्तक परीक्षण म्हणतो, ते बुलढाण्यातल्या घरात बसून एका बाईनं एवढ्या वर्षांपूर्वी केलं, आणि ‘बोध काय मिळतो’ हे न सांगता ‘मला हे पटत नाही’ हे सांगितलं.

पुढं काय झालं? टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांना सुनावलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पहिलंही विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रकाशित केलं तेव्हा कुठं महाराष्ट्राला त्याची ओळख झाली. मधली नव्वद वर्षं ते पुस्तक गप्प होतं. वाचून बोलणाऱ्या मुलीला आपण हसलो की काय जातं, याचा हिशोब आपल्याच गावात मांडलेला आहे.

म्हणून मुलांनी पुस्तकावर बोलणं हा मला नुसता शाळेतला कार्यक्रम वाटत नाही. पुस्तकाशी ‘मला पटत नाही’ म्हणायला शिकलेली मुलगी उद्या घरात, ग्रामसभेत, नोकरीच्या ठिकाणी तेच म्हणू शकेल. पुस्तक तिच्यावर उलटून ओरडत नाही, म्हणून सराव करायला पुस्तकाइतकी चांगली जागा नाही.

आता तुमच्या-माझ्या हातात काय आहे ते बोलू.

तुमच्यापैकी कित्येक जण रोज सकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसता. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. ज्या टेबलावर तुम्ही चालू घडामोडी वाचता, त्याच्या मागंच बहुतेक ठिकाणी बालविभागाचं कपाट असतं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची वाट मिळाली, पुस्तकं आली. कपाट आहे, पुस्तकं आहेत, फक्त ते उघडून पोरांसोबत बसणारं कोणी नाही. ग्रंथपालांकडं किल्ली मागून पाहा. आठवड्यातून एक तास, रविवारी सकाळी, गल्लीतली पाच-सहा पोरं. एक गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि मग चार प्रश्न. बक्षीस नको, बॅनर नको, फोटो तर मुळीच नको. फोटो निघाला की पोरं पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’वर जातात.

पुस्तकंच नाहीत, ही सबबही आता फार टिकत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्याही मोफत. मोबाइल तुमच्याकडं आहेच. रील पाहायला तो हातात असतोच, एक गोष्ट वाचून दाखवायलाही चालतो.

अट एकच, पोरगं म्हणालं ‘बोर झालं’, तर ते मान्य करायचं. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली होती. त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे, पानं गाळण्याचाही आहे. माझ्या भाचीनं शेवटचं ते पान परत वाचलं नाही. हक्कच होता तिचा. आणि ते पान टाळावंसं वाटलं, याचा अर्थ त्या पानानं तिला गाठलं होतं. हे मला तिच्या भाषणातून नाही, तिच्या हळू आवाजातून कळलं.

दिवाळी तोंडावर आहे. पुण्याहून, संभाजीनगरहून, अकोला-अमरावतीहून तुम्ही गावाकडं याल. मलकापूरला, शेगावला रेल्वेतून उतराल, पुढं एसटीनं घाट चढाल. घरी भाऊ, बहीण, भाचा, पुतणी कोणीतरी असेलच. कपडे, फटाके न्यालच, सोबत एक गोष्टीचं पुस्तक न्या. चार दिवसांनी संध्याकाळी ओट्यावर बसून विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. पहिल्यांदा पोरगं ‘मस्त हाय’ म्हणेल आणि पळेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

जे सांगतील ते लिहून घ्या आणि आमच्या पानाकडं पाठवा. दिवाळीनंतरच्या एका अंकात आम्ही ते छापू. सारांश नको, बोध नको. आवडलं, नाही आवडलं, कळलं नाही, असं जे असेल ते. पोरानं ‘मले’ म्हटलं असेल तर ‘मले’च लिहा. आम्हीही त्याचं ‘मला’ करणार नाही.

माझ्या भाचीचं एसटीच्या शाळेचं म्हणणं पहिल्या नंबरवर असेल. तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, “छापा. पण मामा, या बारीनं लिहून नको देऊ.”